ठसका वेगळा, साथ वेगळी

उन्हाळा, चटणीचे दिवस. निपाणीहून बेळगावला निघालो होतो. संकेश्वरला एक मावशी चढल्या. त्यांच्यासोबत ताज्या कुटलेल्या चटणीचा, म्हणजे लाल तिखटाचा, मोठा डबा होता आणि तो वरच्या रॅकवर चढवायला मीच हात लावला. वंटमुरी घाटात गाडीनं वळण घेतलं आणि पुढच्या चार सीटवरची माणसं एकदम शिंकायला लागली. मग खोकला, मग डोळ्यांना पाणी. एक कॉलेजचा पोरगा नाकाला रुमाल लावून ओरडला, "गॅस सोडलाय कुणीतरी!" मागून दुसरा आवाज आला, "पावडर हाय ओ, व्हायरस असणार!" ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. "इळीरी, इळीरी" (उतरा, उतरा) म्हणत कंडक्टर दार उघडेपर्यंत तिघांनी मागच्या आपत्कालीन दारातून उडी टाकलीसुद्धा.

नंतर आठवून हसू येतं. पण मला अडकलं ते दुसरंच. गॅस म्हणणारा आणि व्हायरस म्हणणारा, दोघांनाही आपण एकच गोष्ट बोलतोय असं वाटत होतं. वर्तमानपत्रंही "रासायनिक-जैविक हल्ला" असं जोडूनच छापतात, बटाटा-कांदा म्हणावं तसं. प्रत्यक्षात या दोन्हींत तेवढंच अंतर आहे जेवढं ठसक्यात आणि साथीत.

ठसका लगेच लागतो. फोडणीत मिरची जळली की घरातले सगळे एकाच क्षणी खोकतात, आणि चुलीजवळचा जास्त खोकतो. बाहेर अंगणात आलं की थोड्या वेळात निवतं. शेजारच्या घरातल्याला तुमच्यामुळं ठसका लागत नाही. रसायनाचं काम ढोबळमानानं असंच चालतं: जिथं सांडलं तिथं, सांडलं तेव्हा, जो जवळ होता त्याला.

साथीचं घड्याळ वेगळं आहे. जंतू अंगात शिरला तरी त्याला वाढायला वेळ लागतो. फुप्फुसाच्या प्लेगला साधारण एक ते चार दिवस. अँथ्रॅक्सचे बीजाणू (त्या रोगाच्या जंतूचं टिकाऊ रूप) श्वासातून गेले तर बहुधा आठवड्याच्या आत, पण कधी महिना-दोन महिन्यांनीही. देवीला दहा-बारा दिवस लागायचे. (टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपो मैदानावर सभा ऐकणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं की तिथं एके काळी देवीचीच लस बनायची?) म्हणजे त्या दिवशी बसमध्ये कुणी खरोखरच जंतू सोडले असते, तर बस शांतपणे बेळगावला पोचली असती. कुणी शिंकलं नसतं, कुणी उडी मारली नसती. आजारी पडला असता तो आपापल्या घरी, कुणी खानापुरात, कुणी चंदगडला, आणि प्रत्येकाच्या डॉक्टरनं आधी साधा ताप समजून गोळ्या दिल्या असत्या.

हे नुसतं तर्कानं म्हणत नाही. दोन्हींचा अनुभव एकाच टोळीनं जगाला दिला आहे. जपानच्या ओम शिनरिक्यो पंथानं 1993 साली टोकियोच्या कामेइदो भागात इमारतीच्या गच्चीवरून अँथ्रॅक्सची फवारणी केली. शेजाऱ्यांनी तक्रार केली ती घाण वासाची. आजारी कुणीच पडलं नाही, कारण वापरलेला वाण लसीसाठीचा, निरुपद्रवी निघाला. त्याच पंथानं 20 मार्च 1995 रोजी सकाळच्या गर्दीत मेट्रोच्या पाच गाड्यांत सरीन हे जहाल विष सोडलं. द्रवानं भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणल्या आणि छत्रीच्या टोकदार केलेल्या टोकानं भोसकल्या. काही मिनिटांत माणसं फलाटावर कोसळायला लागली. कासुमिगासेकी स्टेशनात ते पुडकं हटवायला गेलेले दोन कर्मचारी मेले. मृतांचा आकडा 13 वर गेला. चौदावी बाई पंचवीस वर्षं अंथरुणाला खिळून 2020 मध्ये गेली.

आता जंतूंची दुसरी गोष्ट. ती पुण्याच्या ओळखीची आहे. 1984 साली अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात रजनीशांच्या आश्रमातल्या काही मंडळींनी, स्थानिक निवडणुकीत विरोधी मतदार घरी पडून राहावेत म्हणून, हॉटेलांतल्या सॅलडमध्ये साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू मिसळला. 751 लोक आजारी पडले, सुदैवानं मेलं कुणी नाही. आणि सरकारी खात्याला आधी काय वाटलं? हॉटेलातल्या नोकरांनी हात नीट धुतले नसतील. हा घातपात होता हे कळायला जवळजवळ वर्ष गेलं, तेही पंथात फूट पडून खुद्द रजनीशांनीच तोंड उघडलं म्हणून.

दोन्ही शेजारी ठेवून बघा. रसायनाचा हल्ला मिनिटांत हल्ला म्हणून ओळखू येतो. जंतूंचा हल्ला साथीच्या वेशात येतो आणि बराच काळ कुणाला संशयही येत नाही. म्हणूनच गाडीत अचानक पन्नास माणसं खोकायला लागली, तर ते काहीही असो, जंतू मात्र नव्हेत.

आपल्याकडच्या डॉक्टरांना सरीन परकं वाटायचं कारण नाही. ते कीटकनाशकांच्याच घराण्यातलं, ऑर्गनोफॉस्फेट जातीचं. 1938 साली जर्मनीत कीटकनाशक शोधता शोधताच ते सापडलं. फवारणी करताना विषबाधा झालेला शेतकरी ज्यानं पाहिलाय त्याला लक्षणं तोंडपाठ असतात: डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला लाळ, घामानं चिंब, छाती आवळलेली. 2017 साली यवतमाळकडं कपाशीवर फवारताना वीसेक शेतकरी-मजूर गेले ते कीटकनाशकांच्या बाधेनं, आणि त्यांत याच जातीची औषधंही होती. उपायही ओळखीचा, अ‍ॅट्रोपिन. टोकियोतल्या डॉक्टरांनी तेच टोचलं. गावाकडच्या कितीतरी दवाखान्यांत हे इंजेक्शन कपाटात असतं, फक्त त्याचा "हल्ल्याशी" संबंध आपण जोडत नाही.

तसंच अँथ्रॅक्सचं. नाव इंग्रजी पेपरातलं वाटतं, पण मेंढपाळाला विचारा: काळपुळी, फाशी. मेलेलं जनावर सोलू नये, खोल पुरावं, हे धनगरवाड्यावर पिढ्यान्‌पिढ्या सांगतात ते त्याच्या बीजाणूंमुळंच.

फरक कळला की करायचं काय तेही उलटं होतं, आणि घोटाळा नेमका इथंच होतो. रसायनाचा संशय असेल तर पहिलं काम बाहेर पडणं. खिडक्या उघडा, उतरा, वारा जिकडून येतोय त्या बाजूला चालत जा. क्लोरीनसारखे जड वायू खोलगट जागी साचतात, तेव्हा चढाकडं जा. डोळे चोळू नका. वरचे कपडे काढा, भरपूर पाण्यानं अंग धुवा. टोकियोत कपडे न बदलता रुग्ण दवाखान्यात आणले, तर त्यांच्या कपड्यांतल्या वाफेनं डॉक्टर आणि नर्सनाही डोळ्यांचा त्रास झाला.

सीटवर कसलीशी पांढरी पूड सापडली आणि कुणालाच काही होत नाहीये, तर पळापळीचा उपयोग शून्य. हात लावू नका, हुंगू नका, फुंकर मारू नका, वर कागद किंवा कापड हलकेच टाका, हात साबणानं धुवा आणि 112 ला कळवा. रेल्वेत असाल तर 139. मुख्य म्हणजे गाडीत कोण कोण होतं ते लिहून ठेवा, पांगू नका. खरंच काही निघालं तर औषधाची वेळ दोन-चार दिवसांची असते आणि ते औषध सहसा साधं अँटिबायोटिक असतं. 1994 च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग म्हटल्यावर माणसं मिळेल त्या गाडीनं पळाली. तिथं राहून टेट्रासायक्लिन घेणं जास्त शहाणपणाचं होतं. पण तेव्हा औषधही दुकानांतून नाहीसं झालं होतं, तेव्हा पळणाऱ्यांना नावं ठेवणं माझ्या जिवावर येतं.

दोन्हींची गल्लत करून दिलेला उपाय मार्च 2020 मध्ये देशानं पाहिला. बरेलीच्या बस थांब्यावर परतणाऱ्या मजुरांना खाली बसवून त्यांच्या अंगावर जंतुनाशकाचा फवारा मारला. जंतू असलेच तर ते फुप्फुसात. अंगावर ओतलं ते रसायन. डोळे चुरचुरले, पोरं रडली.

ही रेघ सगळीकडं सरळ नाही, तेही सांगायला हवं. मोहरी वायू हे रसायनच, पण त्याचे फोड काही तासांनी येतात, फॉस्जीन या विषारी वायूचा त्रासही उशिरा उठतो. एरंडाच्या बीतलं रायसिन हे विष सजीवातून आलेलं, पण वाढत नाही की एकाचं दुसऱ्याला लागत नाही. आंतरराष्ट्रीय करारांनी त्याला रासायनिक आणि जैविक अशा दोन्ही शस्त्रांत धरलंय.

आणि तिसरा प्रकार, जो या दोघांपेक्षा आपल्या वाट्याला जास्त येतो: नुसती भीती. तिचीही लक्षणं खरी असतात. धाप लागते, बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते. पण तिचा माग वेगळा निघतो. सांडलेल्या जागेजवळचा नव्हे, तर दुसऱ्याला कोसळताना पाहणारा कोसळतो. टोकियोत दवाखान्यांत पोचलेल्या पाच हजारांहून जास्त लोकांपैकी बऱ्याच जणांना विषाची लक्षणं नव्हतीच. 22 जानेवारी 2025 ला जळगाव जिल्ह्यात परधाडेजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची आवई उठली. आग नव्हती. माणसं रुळांवर उतरली आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसनं त्यांतल्या डझनभर जणांना चिरडलं.

वंटमुरीला आमच्या सुदैवानं रस्त्याच्या त्या बाजूला मातीचा उतार होता. उडी मारलेल्यांपैकी एकाचा घोटा मुरगळला, बाकी काही नाही. मावशी सगळ्यांत शेवटी खाली आल्या, हातात झाकण निघालेला डबा. "चटणी हाय की ती. आणि झाकण नीट लावा म्हणून ह्यांनाच सांगितलं होतं," म्हणून त्यांनी माझ्याकडं बोट केलं.

गॅस म्हणणाऱ्या पोरानं आपल्या बाटलीतलं पाणी मला डोळे धुवायला दिलं. कंडक्टरनं पेपरवर चटणी गोळा केली, ती मावशींनी घेतली नाही.

"पायाखालची नको ओ," म्हणाल्या. "अर्धा डबा गेला."

मी त्यांच्याशेजारी बसून बेळगावपर्यंत डबा मांडीवर धरला.