ले-ऑफची नुकसानभरपाई कमी मिळाली असेल तर: हिशेब, हजेरी आणि अर्ज

कच्चा माल आलेला नाही, यंत्र बिघडले आहे, वीज नाही किंवा तयार माल पडून आहे, अशा कारणांनी मालक कामगाराला कामावरून न काढता काही दिवस कामच देऊ शकत नाही, तेव्हा त्या स्थितीला ‘ले-ऑफ’ म्हणतात. या दिवसांत ‘अर्धा पगार’ मिळतो, एवढे कारखान्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. मात्र हा अर्धा कशाचा, किती दिवसांचा आणि कोणत्या अटीवर, याचा हिशेब कार्यालय करते आणि कामगार बँकेत जमा झालेला आकडा पाहून गप्प बसतो. जे गप्प बसत नाहीत त्यांचे अर्जही अनेकदा फेटाळले जातात, आणि त्याचे कारण आकडेमोडीत क्वचितच असते.

ही तरतूद औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या कलम २५-सी मध्ये होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली असून तिच्या कलम ६७ मध्ये हेच सूत्र कायम आहे. ले-ऑफ त्या तारखेच्या आधीचा आहे की नंतरचा, हे पाहून अर्जात कलम लिहावे.

पात्रता अशी आहे. कामगाराचे नाव कारखान्याच्या मस्टरवर (हजेरीपटावर) हवे, तो बदली (गैरहजर कामगाराच्या जागी घेतलेला) किंवा नैमित्तिक कामगार नसावा आणि त्याची एक वर्षाची सलग सेवा झालेली हवी. मागील बारा महिन्यांत २४० दिवस भरले की सलग सेवा मानली जाते. हे दिवस मोजताना कार्यालय बहुधा केवळ प्रत्यक्ष हजेरीचे दिवस धरते. पगारी साप्ताहिक सुट्ट्या आणि पगारी सणसुट्ट्याही धरायच्या असतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये अमेरिकन एक्सप्रेसच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे, तरीही ‘तुमचे २१० दिवसच भरतात’ हे उत्तर आजही ऐकू येते. बदली कामगारानेही एक वर्षाची सलग सेवा पूर्ण केली असेल तर या कलमापुरता तो बदली राहत नाही. पदनाम ‘सुपरवायझर’ असल्यामुळे हक्क आपोआप जात नाही, कारण प्रत्यक्ष काम कोणते आहे ते पाहिले जाते. मात्र काम खरोखरच देखरेखीचे असेल आणि वेतन ठरावीक मर्यादेपेक्षा (जुन्या कायद्यात १०,००० रुपये, संहितेत १८,००० रुपये) जास्त असेल, तर हा मार्ग बंद होतो.

आता ज्या कागदापायी सर्वाधिक अर्ज बुडतात त्या हजेरीच्या नोंदीकडे वळू. ले-ऑफच्या काळात कामगाराने दिवसातून किमान एकदा, नेमलेल्या वेळी, कामाच्या तासांत कारखान्यात हजर झाले पाहिजे, अन्यथा त्या दिवसाची भरपाई मिळत नाही. प्रत्यक्षात काय होते? पर्यवेक्षक व्हॉट्सॲपच्या गटात ‘सोमवारपासून येऊ नका, कळवू’ असे लिहितो, माणूस विश्वासाने गावी जातो, आणि दोन महिन्यांनी तक्रार केली की कंपनीचे उत्तर येते की अर्जदार एकही दिवस हजर नव्हता. कायद्याने मालकावरही बंधन घातले आहे. ले-ऑफ असला तरी मस्टर ठेवणे आणि हजर होणाऱ्या कामगाराला त्यात नोंद करता येईल अशी सोय करणे ही त्याची जबाबदारी आहे. ही सोय बहुतेक ठिकाणी केलेलीच नसते, आणि जी नोंद मालकाने ठेवायची तिचा पुरावा कामगाराकडे मागितला जातो, हा प्रकार चीड आणणारा आहे. पण चिडून पुरावा तयार होत नाही. म्हणून रोज गेटवर जावे आणि टाइम ऑफिसमध्ये सही करू देण्याची मागणी करावी. नकार मिळाला तर त्याच दिवशी ‘आज अमुक वाजता हजर झालो, नोंद घेतली नाही’ असे दोन ओळींचे पत्र कंपनीच्या ईमेलवर किंवा स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपून ठेवावी. आठ-दहा जणांनी मिळून एकच पत्र सह्यांनिशी दिले तरी चालते. ‘येऊ नका’ असा संदेश आलेला असेल तर तो पुसू नये, त्याचे तारीख दिसेल असे छायाचित्र घ्यावे. असा संदेश हाती असेल तर हजर न राहण्याचे कारण मालकानेच दिले, असे मांडता येते, पण रोजच्या नोंदीइतका तो भक्कम नसतो.

हजेरीसारखाच दुसरा काटा पर्यायी कामाचा आहे. त्याच कारखान्यात किंवा त्याच मालकाच्या जवळच्या दुसऱ्या कारखान्यात (जुन्या कायद्यानुसार पाच मैलांच्या आत), वेगळे कौशल्य न लागणारे आणि तेवढ्याच वेतनाचे काम देऊ केले असता ते नाकारले, तर भरपाईचा हक्क जातो. वेतन कमी असेल तर नकार देता येतो, मात्र तो लेखी आणि कारणासह द्यावा. कारखान्याच्या दुसऱ्या विभागातील संपामुळे किंवा मंदगतीच्या कामामुळे ले-ऑफ झाला असेल तरीही भरपाई मिळत नाही.

हिशेबात साधारणपणे तीन ठिकाणी रक्कम गळते. पहिली गळती भाजकाची. साप्ताहिक सुट्टी वगळून उरलेल्या सर्व दिवसांची भरपाई द्यायची असते. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून महिना १५,६०० रुपये असलेल्या कामगाराचा पूर्ण महिना ले-ऑफमध्ये गेला आणि त्यात कामाचे २६ दिवस होते, असे धरू. कार्यालय १५,६०० ला ३० ने भागून रोज ५२० रुपये काढते, त्याचे निम्मे २६० धरते आणि २६ दिवसांचे ६,७६० रुपये देते. म्हणजे सुट्ट्या भाजकात धरल्या आणि देताना वगळल्या. ले-ऑफ नसता तर त्या महिन्यात १५,६०० रुपये मिळाले असते, त्याचे निम्मे ७,८०० होतात. १,०४० रुपयांचा हा फरक अर्जात असाच उभा मांडावा. ‘ले-ऑफ नसता तर जे देय झाले असते’ हे शब्द कलमातच आहेत आणि तुमची बाजू त्यांवर उभी राहते.

दुसरी गळती महागाई भत्त्याची. महाराष्ट्रात किमान वेतनावरचा विशेष भत्ता (म्हणजेच महागाई भत्ता) जानेवारी आणि जुलैपासून बदलतो. ले-ऑफ जुलैचा असताना जूनच्या पगारपत्रकावरून हिशेब केला जातो. ‘ले-ऑफ नसता तर’ या शब्दांच्याच आधारे जुलैचाच दर लावण्याची मागणी करावी.

तिसरी गळती अर्ध्या दिवसाची आहे आणि ती जवळजवळ कोणाच्याच लक्षात येत नाही. कामगार वेळेवर हजर झाला आणि दोन तासांत काम मिळाले नाही, तर तो दिवस ले-ऑफचा. पण त्याला ‘पाळीच्या उत्तरार्धात या’ असे सांगितले, तो आला आणि तरीही काम दिले नाही, तर उत्तरार्ध ले-ऑफ मानला जात नाही, त्या भागाचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता पूर्ण द्यावे लागतात. रोज ६०० रुपयांच्या दराने पूर्वार्धाचे १५० आणि उत्तरार्धाचे ३००, असे ४५० रुपये होतात. कार्यालय ३०० देऊन मोकळे होते.

‘पंचेचाळीस दिवसांनंतर काही मिळत नाही’ हे वाक्य इतक्या खात्रीने सांगितले जाते की संघटनेची माणसेही ते खरे मानतात. बारा महिन्यांत ४५ दिवसांपेक्षा जास्त ले-ऑफ झाला, तर पुढच्या दिवसांची भरपाई टाळता येते ती कामगार आणि मालक यांच्यात तसा करार असेल तरच. करार नसेल तर मालकाने भरपाई देत राहावे किंवा रीतसर कामगारकपात करावी. म्हणून कराराची प्रत लेखी मागावी.

सरासरी ५० पेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्यांना आणि हंगामी उद्योगांना कायद्यातली ही भरपाईची तरतूद लागू नाही. लहान वर्कशॉपचे मालक याचा अर्थ ‘काहीच द्यायचे नाही’ असा लावतात. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये फायरस्टोन टायरच्या प्रकरणात याच्या उलट भूमिका घेतली. सेवाशर्तींत किंवा स्थायी आदेशांत (कारखान्याच्या प्रमाणित सेवानियमांत) ले-ऑफचा अधिकार नसेल तर मालकाला वेतन रोखण्याचा मुळात अधिकारच नाही, त्यामुळे अशा ठिकाणी मागणी अर्ध्याची न करता पूर्ण वेतनाची करावी. दुसऱ्या टोकाला, मोठ्या कारखान्यांना (जुन्या कायद्यात १००, संहितेत ३०० कामगार) वीजटंचाई किंवा नैसर्गिक आपत्ती असे मोजके अपवाद वगळता शासनाची पूर्वपरवानगी लागते, आणि परवानगीविना केलेला ले-ऑफ बेकायदा ठरून पूर्ण लाभ द्यावे लागतात.

अर्ज कुठे करायचा, येथेच चुकीचे दार ठोठावले जाते. कंपनी आकडा मान्य करते पण पैसे देत नाही, तर जुन्या कायद्याच्या कलम ३३-सी (१) खाली (संहितेत कलम ५९) कामगार आयुक्त कार्यालयात वसुलीचा अर्ज करावा. रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाची मुदत आहे, सबळ कारण असल्यास उशीर माफ होतो. आकड्यावरच वाद असेल तर ३३-सी (२) खाली कामगार न्यायालयात अर्ज करायचा असतो, संहितेनुसार न्यायाधिकरणापुढे. एक वर्षाची मुदत केवळ पहिल्या प्रकाराला आहे. दुसऱ्या प्रकाराला ती लागू नाही, हे बॉम्बे गॅस कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून साठ वर्षे उलटली, तरी ‘वर्ष झाले, आता उशीर झाला’ असे ऐकून लोक खिडकीवरून परत फिरतात. उशीर करू नये हे खरे, कारण मस्टर गहाळ होते आणि साक्षीदार पांगतात.

मात्र ३३-सी (२) चे न्यायालय अस्तित्वात असलेल्या हक्काची रक्कम मोजते. मुळात हक्कच आहे की नाही, हा वाद ते मिटवत नाही. तो ले-ऑफ होता की टाळेबंदी, हाच झगडा असेल तर आधी समेट अधिकाऱ्याकडे (तडजोड घडवणारा सरकारी अधिकारी) औद्योगिक विवाद म्हणून जावे लागते. आणखी एक सावधगिरी: न्यायालयाने आकडा ठरवून दिला म्हणजे पैसे आले असे नाही. त्यानंतर वसुली दाखला निघून तो जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. हा पाठपुरावा स्वतःलाच करावा लागतो.

कागद नेहमीचे आहेत: नेमणूकपत्र किंवा ओळखपत्र, ले-ऑफपूर्वीच्या तीन महिन्यांची आणि ले-ऑफ काळातील पगारपत्रके, बँक पासबुक, ले-ऑफची नोटीस, हजेरीची पत्रे आणि मालकाला दिलेल्या मागणीपत्राची पोच. यांसोबत दिवसवार तक्ता जोडावा, ज्यात तारीख, देय रक्कम, मिळालेली रक्कम आणि फरक असेल. कंपनीकडचे मस्टर हजर करण्याचा अर्ज पहिल्याच तारखेला द्यावा. दरम्यान कंपनीने कमी रकमेचा धनादेश पुढे केला तर तो नाकारण्याची गरज नाही, पण पावतीवर ‘पूर्ण व अंतिम’ असे छापलेले असेल तर ते खोडून ‘हिशेब अमान्य, उर्वरित रकमेचा हक्क राखून’ असे लिहूनच सही करावी आणि त्या पावतीची प्रत मागून घ्यावी.