देसा दिनास आणि देसा आदात: बालीत एकाच जमिनीवरची दोन गावं

बालीच्या बांगली जिल्ह्यातलं पंग्लिपुरान हे गाव आता फोटोंमुळे जगभर ओळखलं जातं. बांबूची छपरं, पायरी-पायरीने चढत जाणारा रस्ता, दोन्ही बाजूंना एकसारखी दारं. २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने उत्तम पर्यटन गावांच्या यादीत त्याला जागा दिली. पण इंडोनेशियाच्या सरकारी दप्तरात पंग्लिपुरान नावाचं स्वतंत्र गाव शोधायला गेलात तर सापडणार नाही. तिथे आहे कुबू नावाचा प्रशासकीय प्रभाग, आणि पंग्लिपुरान ही त्यातली एक वस्ती.

दप्तर चुकलेलं नाही आणि यादीही चुकलेली नाही. बालीत एकाच जमिनीवर दोन गावं नांदतात. एक सरकारी गाव, देसा दिनास. दुसरं रूढीचं आणि देवळांचं गाव, देसा आदात. कोकणात ग्रामपंचायत असतेच आणि गावकीही असते, हे ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना ही रचना पटकन कळेल. फरक इतकाच, की बालीतल्या या गावकीला कायद्याची मान्यता आहे, तिच्या नावावर जमीन आहे आणि तिची स्वतःची पतसंस्थाही आहे. बालीबद्दल मराठीत बरंच लिहिलं जातं, पण बहुतेक ठिकाणी या दोघांची सरमिसळ करून सगळ्यालाच ‘तिथली पंचायत’ म्हटलं जातं. मग तिथल्या माणसाचं घर नेमकं कुणाच्या भरवशावर उभं आहे, हेच लक्षात येत नाही.

आकड्यांवरूनच दोन्ही गावं वेगळी आहेत हे दिसतं. सरकारी हिशेबात बालीत ६३६ गावं आणि ८० शहरी प्रभाग, एकूण ७१६. देसा आदात मात्र दीड हजाराच्या आसपास. म्हणजे सीमा जुळत नाहीत. एका सरकारी गावात दोन-तीन देसा आदात असू शकतात, आणि काही ठिकाणी एकच देसा आदात एकापेक्षा जास्त सरकारी गावांत पसरलेलं असतं. या फाटाफुटीला डच राजवट बरीचशी कारणीभूत आहे. १९०६ ते १९०८ दरम्यान दक्षिण बालीतली राज्यं बुडवल्यावर डचांनी कर आणि वेठीच्या सोयीने नवी गावं आखली आणि देवळं-विधी जुन्या गावांकडे ठेवले. पुढे सुहार्तोंच्या काळात १९७९ च्या कायद्याने देशभरच्या गावांचा साचा एकच केला. २०१४ च्या ग्रामकायद्याने दोनपैकी एकाच गावाची नोंद करायची असं ठरवलं, तेव्हा बालीत त्यावर मोठा वाद झाला. शेवटी नोंद सरकारी गावांची झाली. देसा आदातसाठी प्रांताने २०१९ मध्ये स्वतंत्र कायदा केला.

सरकारी गावाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. त्याचा प्रमुख पेर्बेकेल, लोकांनी मतदानाने निवडलेला. २०२४ च्या दुरुस्तीनंतर त्याची मुदत सहाची आठ वर्षं झाली. २०१५ पासून केंद्राचा निधी गावाच्या खात्यात येतो. ओळखपत्राची आणि कुटुंबपत्राची कागदपत्रं, रस्ते, सरकारी मदतीच्या याद्या ही त्याची कामं. धर्म, जात, मूळ गाव काही आड येत नाही. तुम्ही तिथे राहता, एवढं पुरे.

देसा आदातमध्ये नुसतं राहून भागत नाही. पुरा पुसेह, पुरा देसा आणि पुरा दालेम ही तीन देवळं आणि एक स्मशानभूमी यांच्याभोवती हे गाव बांधलेलं असतं. प्रमुखाला बेंदेसा म्हणतात, नियमांना आविग-आविग. नोंद एकट्या माणसाची नसून संसाराची असते: लग्न झालं की जोडपं पूर्ण सभासद होतं आणि त्याच्या वाट्याला आयाहान येतं, म्हणजे गावासाठी करायची अंगमेहनत आणि द्यायची वर्गणी. उत्सवाआधी देवळात मांडव घालणं, नैवेद्याची तयारी, कुणाच्या घरी अंत्यसंस्कार असेल तर हजर राहणं. दुसऱ्या गावाहून आलेला बाली हिंदू क्रामा तामियू म्हणून नोंदला जातो, आणि जावाहून कामाला आलेला मुसलमान किंवा परदेशी माणूस नुसता तामियू. तो वर्गणी देतो आणि गावाच्या राखणीचा फायदाही त्याला मिळतो, पण निर्णयाच्या बैठकीत तो सभासद नसतो.

सगळ्यात मोठा गोंधळ होतो तो जमिनीच्या बाबतीत.

इंडोनेशियात १९६० च्या जमीन कायद्यानुसार पूर्ण मालकीचं प्रमाणपत्र मिळतं आणि ते परदेशी माणसाला मिळत नाही. बालीतही अशी खासगी जमीन भरपूर आहे. पण खेड्यातलं जुनं घर ज्या अंगणात उभं असतं, ते अंगण पुष्कळदा देसा आदातचं असतं. त्याला पकारांगान देसा म्हणतात. भिंती, छप्पर, चूल, कोपऱ्यातलं कुळाचं देवघर कुटुंबाचं, आणि त्याखालची माती गावाची. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहता येतं, मुलाकडे सोपवता येतं. विकता येत नाही. आणि हा हक्क आयाहानला बांधलेला असतो: काम करत राहाल तोवर जागा तुमची. शेतजमिनीचाही असा एक प्रकार आहे, आयाहान देसा.

२०१७ पर्यंत भूमी अभिलेख खात्याकडे देसा आदातला मालक म्हणून नोंदवायची सोयच नव्हती. त्यामुळे अंगणांची प्रमाणपत्रं कुटुंबप्रमुखाच्या नावाने निघण्याचा धोका होता. एकदा कागदावर एकाचं नाव चढलं, की गहाणाची आणि विक्रीची वाट उघडते, आणि गावाला नंतर कळतं की आपल्या देवळाच्या रांगेतलं एक अंगण बाहेरच्याच्या हाती गेलं. २०१७ मध्ये मंत्रालयाच्या आदेशाने बालीतल्या रूढीच्या गावांना सामूहिक मालक म्हणून मान्यता मिळाली. मला हा निर्णय २०१९ च्या कायद्याइतकाच मोलाचा वाटतो. पर्यटनामुळे जमिनीचे भाव चढत असताना घराखालची जमीन बाजारात जाऊ नये, यासाठी गावाच्या हातात निदान एक कागद तरी आला.

रूढीचं गाव खासगी जमिनीवरही किती हात ठेवू शकतं, हे पाहायचं तर कारांगासेम जिल्ह्यातल्या तंगानान पग्रिंगसिंगानला जावं. इथल्या नियमांनुसार गावची जमीन बाहेरच्याला विकायची नाही, गहाणही टाकायची नाही. आणि आपल्या मळ्यातल्या ड्युरियनच्या झाडाचं फळ मालकालाही तोडता येत नाही. फळ पिकून आपोआप खाली पडेपर्यंत थांबायचं, आणि पडलेलं फळ ज्या गावकऱ्याला आधी सापडेल त्याचं. जमीन मालकाची, पडलेलं फळ गावाचं. सरकारी गावाच्या कुठल्याही ठरावाला असा नियम पाळून घेता आला नसता.

वारसा मुलाकडे जातो, कारण आयाहान मुलगा चालवतो. लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेल्या मुलीला पूर्वी काहीच मिळत नसे. २०१० मध्ये रूढीच्या गावांच्या मध्यवर्ती मंडळाने मुलीला मुलाच्या निम्मा वाटा देण्याचा ठराव केला. निम्माच का, हा प्रश्न उरतोच, आणि तो विचारणाऱ्या बाली स्त्रियांची बाजू मला रास्त वाटते.

राखणीतही दोन्ही गावांची माणसं वेगळी. सरकारी बाजूला गावासाठी नेमलेला पोलीस, लष्कराचा एक जवान आणि लिनमास हे नागरी दल. आदातच्या बाजूला पचालांग: डोक्याला उदंग, कमरेला काळ्या-पांढऱ्या चौकटींचं कापड. रात्री चोर आला, आग लागली, तर बंजारच्या, म्हणजे वाडीच्या, चौथऱ्यावर टांगलेला लाकडी कुलकुल न थांबता भराभर बडवला जातो आणि त्या हाकेला घरटी माणूस बाहेर पडतो. ऑक्टोबर २००२ च्या कुटामधल्या बॉम्बस्फोटांत २०२ माणसं गेली. त्यानंतर पचालांग आणखी ठळकपणे दिसू लागले. पण ते पोलीस नव्हेत. तपास करणं, गुन्हा नोंदवणं त्यांच्या अखत्यारीत येत नाही. चोरी झाली तर तक्रार पोलिसातच द्यायची.

न्येपीच्या दिवशी मात्र रस्त्यावर राज्य पचालांगचंच. शक वर्षाचा हा पहिला दिवस. २०२५ मध्ये तो २९ मार्चला आला आणि दुसऱ्याच दिवशी आपला गुढीपाडवा. दोन्हीकडे शके १९४७ सुरू झालं. चोवीस तास दिवे नाहीत, वाहनं नाहीत, विमानतळ बंद, २०१८ पासून मोबाइलचं इंटरनेटही बंद. परदेशी पाहुण्यालाही हॉटेलच्या आवाराबाहेर पडता येत नाही.

पैशाच्या बाबतीतही सावध असावं. १९८४ पासून देसा आदातच्या पतसंस्था चालतात, त्यांना एलपीडी म्हणतात. गावातली बचत तिथे जाते, नफ्यातून देवळांची कामं होतात. पण त्या बँका नव्हेत आणि बँकांसारखा ठेवींचा सरकारी विमा त्यांना नाही. संचालकांनी पैसे खाल्ले म्हणून काही पतसंस्था बुडाल्या आहेत, प्रकरणं कोर्टात गेली आहेत.

आता कसपेकांगविषयी. आपल्या भाषेत, वाळीत टाकणं.

आविग-आविग मोडलं, दंड भरला नाही, वाद विकोपाला गेला, तर देसा आदात कुटुंबाशी संबंध तोडू शकतं. कुलकुल त्यांच्यासाठी वाजत नाही. कार्याला कुणी येत नाही. देवळाचं दार बंद, आणि सगळ्यात कठीण म्हणजे स्मशानभूमी बंद. अंगण गावाचं असेल तर तेही जाऊ शकतं. याच वेळी सरकारी गावाच्या वहीत या कुटुंबाचं काहीच बदललेलं नसतं. ओळखपत्र तेच, मताचा हक्क तोच. पेर्बेकेल त्यांना दाखला देऊ शकतो, पण घरात प्रेत असताना स्मशानाचं दार उघडून देऊ शकत नाही. पंग्लिपुरानमध्ये दुसरी बायको करणाऱ्यासाठी कारांग ममादू नावाची वेगळी जागा राखलेली आहे. तिथे जाणाऱ्याला गावच्या मुख्य देवळात पाय ठेवता येत नाही. ती जागा ओसाडच आहे. हा नियम बायकांच्या बाजूने उभा राहतो, हे खरं. पण तीच ताकद उद्या एखाद्या गरीब कुटुंबावर, धर्म बदललेल्या मुलावर, बेंदेसाशी भांडलेल्या माणसावर चालते, आणि तेव्हा दाद कुठे मागायची? मध्यवर्ती मंडळ समेट घडवू पाहतं. मला ते अपुरं वाटतं. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला तो जातपंचायतींच्या असल्याच अनुभवातून. गावाची जमीन राखायची, त्याचे उत्सव राखायचे, पण कुणाचं प्रेत अडवायचा अधिकार कुणालाही नसावा.

शेताच्या पाण्याचा प्रश्न घेऊन मात्र यांपैकी कुठल्याच गावाकडे जाऊ नये. त्यासाठी सुबाक ही वेगळी संस्था आहे. तिची हद्द कालव्यावरून ठरते, आणि २०१२ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशात घेतलं.

आपल्याकडची बरीच मंडळी हल्ली बालीत वर्ष-दोन वर्षांसाठी घर भाड्याने घेऊन राहतात, काही जण जमीन दीर्घ भाडेपट्ट्याने घ्यायचा विचार करतात. स्थानिक माणसाच्या नावावर जमीन घ्यायची आणि आतून मालक आपण, हा मार्ग कायद्याने रद्दबातल आहे. त्यात पडू नका. नोटरीपुढे करार करण्याआधी जमीन खासगी मालकीची आहे की देसा आदातची, हे प्रमाणपत्र मागून पाहा आणि बेंदेसाकडे जाऊन विचारा. वाडीला दोन प्रमुख असतात, एक आदातचा आणि एक दिनासचा. राहण्याची नोंद दिनासकडे होते. वर्गणी किती, उत्सवात रस्ता कधी बंद, घराजवळ देऊळ असेल तर बांधकामाला काय मनाई, हे आदातचा प्रमुखच सांगेल. दोघांनाही भेटा, आणि पैसे भरले की दोघांकडूनही पावती घ्या.