बारा दिवसांत डोंगर किती सरकला?

लाहौल-स्पितीच्या उतारांवर दगडगोट्यांचे जिभेसारखे लांबट ढीग पसरलेले असतात. पोटात कायम गोठलेला बर्फ असल्यामुळे अख्खा ढीग वर्षाला काही सेंटिमीटरपासून मीटर-दोन मीटरपर्यंत खाली सरकतो. हेच रॉक ग्लेशियर. त्याची चाल बडोद्यात बसून मोजता येते: सेंटिनेल-१ उपग्रहाची रडारचित्रं फुकट मिळतात आणि स्नॅप हे सॉफ्टवेअरही.

उपग्रह १२ दिवसांनी पुन्हा त्याच मार्गावर येतो. त्याच्या रडारलाटेची लांबी साधारण ५.६ सेंमी. लाट जाऊन परत येते, म्हणून जमीन उपग्रहाच्या दिशेत २.८ सेंमी सरकली की दोन चित्रांच्या तुलनेतून बनणाऱ्या रंगीत नकाशात रंगांचं एक चक्र पुरं होतं. शेजारच्या दोन ठिपक्यांत याच्या निम्म्याहून, म्हणजे १.४ सेंमीहून जास्त फरक पडला की चक्रं मोजताना हिशेब चुकतो. वर्षाला मीटरभर सरकणारा ढीग १२ दिवसांत ३.३ सेंमी जातो. त्याच्या कडेला नेमकी हीच गफलत होते. वर्षाला १० सेंमीचा ढीग मात्र जेमतेम ३ मिलिमीटर हलतो आणि हवेतल्या बाष्पाच्या गोंधळात हरवतो. त्याच्यासाठी ४८ दिवसांच्या अंतराने घेतलेल्या चित्रांची जोडी घ्यावी. सगळी मेख या निवडीत आहे.

हात बसवायला आधी बडोद्याचीच जोडी घ्या. रावपुऱ्यातल्या घरांच्या भिंती दोन्ही चित्रांत तशाच असतात, म्हणून तिथे रंग स्वच्छ उमटतात. डभोईकडच्या शेतांत पीक वाढतं, पाऊस पडतो, आणि रंगांचा नुसता चुरा होतो. हिमालयात तेच काम बर्फ करतो, म्हणून बर्फ वितळल्यानंतरची, ऑगस्ट-सप्टेंबरची चित्रं निवडायची.

पुढे दोन्ही चित्रं एकमेकांवर तंतोतंत बसवा, उंचीच्या नकाशाने डोंगराचा आकार वजा करा, गोंगाट कमी करणारी गाळणी लावा आणि मग स्नाफू या प्रोग्रामने चक्रं सोडवा, म्हणजे मोजून घ्या. शेजारचा पक्का कातळ शून्य धरायला विसरू नका, कारण हे मोजमाप सापेक्ष असतं. तो कातळच ‘सरकताना’ दिसला, तर दोष हवेचा समजा आणि दुसरी जोडी घ्या.

जुलै २०२५ मध्ये सोडलेल्या नासा-इस्रोच्या निसार उपग्रहाची एल-पट्ट्यातली (लांब रडारलाटांचा गट) लाट २४ सेंमीची आहे, त्यामुळे मीटरभराची चाल त्याला सहज पेलते. त्याचं एस-पट्ट्याचं, म्हणजे त्याहून आखूड लाटेचं रडार आपल्या शेजारी, अहमदाबादच्या इस्रो केंद्रात घडलं.

एक अडचण मात्र लाट बदलूनही सुटत नाही. हे उपग्रह उत्तर-दक्षिण फिरतात आणि बाजूला पाहतात. पश्चिमेकडे उतरणाऱ्या ढिगासाठी सेंटिनेल दक्षिणेकडे जातानाची चित्रं घ्यावीत. पण ढीग सरळ उत्तरेला किंवा दक्षिणेला घसरत असेल, तर त्याची बरीचशी चाल रडारला दिसतच नाही.