कार्बामॅझेपिन आणि अधूनमधून जागा सोडणारा डोळा : पार्श्वभूमी

फिट्सवरचे जुने औषध कार्बामॅझेपिन जास्त झाले तर एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात. न्यूरॉलॉजीच्या ओपीडीत ही तक्रार रोजची आहे. हेच औषध दुहेरी दिसण्याच्या दोन दुर्मिळ विकारांत, सुपीरियर ऑब्लिक मायोकिमिया आणि ऑक्युलर न्यूरोमायोटोनिया यांत, मात्र आराम देते. या विषयावरचे संशोधन याच कोड्याभोवती फिरत आले आहे.

औषध १९५३ च्या सुमारास बाझेलमधल्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाले. डोळ्यापर्यंत ते अपस्माराच्या, म्हणजे फिट्सच्या, वाटेने आले नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. १९६२ मध्ये चेहऱ्यातल्या विजेसारख्या कळांवर, म्हणजे ट्रायजेमिनल न्यूराल्जियावर, त्याचा गुण दिसला. अमेरिकेत त्याला १९६८ मध्ये या कळांसाठी परवानगी मिळाली, अपस्मारासाठी १९७४ मध्ये. सोडियमच्या वाहिन्या रोखून ते मज्जातंतूचे वारंवार उडणारे संदेश आवरते. म्हणूनच, एखादी नस आपणहून पेटत असेल तर हे देऊन पाहावे, असा विचार तेव्हा रुजला. डोळ्याचे पुढचे सगळे प्रयोग त्याच विचारातून झाले.

पहिल्या विकारात नावाचा गुंता येतो. तो सोडवल्याशिवाय जुने निबंध नीट वाचता येत नाहीत. एकाच डोळ्याची बारीक, वेगवान, पिळल्यासारखी थरथर १९०६ मध्ये प्रथम नोंदली गेली, ती 'एका डोळ्याचा फिरता निस्टॅग्मस' (डोळ्याची आपोआप होणारी हालचाल) म्हणून. रुग्णाला काही सेकंद समोरचे दृश्य हलते किंवा दोन दिसते, दिवसातून कितीही वेळा. १९७० मध्ये पाच रुग्णांच्या नोंदीतून तिला 'सुपीरियर ऑब्लिक मायोकिमिया' (सुपीरियर ऑब्लिक हा डोळा फिरवणारा एक स्नायू, मायोकिमिया म्हणजे स्नायूची बारीक फडफड) हे नाव मिळाले आणि तेच टिकले. माझ्या मते या नावाने नुकसान केले. पापणी फडफडते तिलाही मायोकिमियाच म्हणतात. मराठीत 'डोळा लवतो' म्हणतो ते हेच. पण पापणीचा तो स्नायू मेंदूतून निघणाऱ्या सातव्या नसेचा, इथला चौथ्या नसेचा. लवणारी पापणी बहुधा काही दिवसांत आपोआप थांबते, हा त्रास वर्षानुवर्षे येत-जात राहतो. शिवाय स्नायूतल्या विद्युत नोंदींत खऱ्या मायोकिमियाचा नमुना नेहमी सापडला नाही. इजेनंतर पुन्हा जुळलेल्या तंतूंसारखे काही दिसले, म्हणून हा मायोकिमिया नव्हेच असे काहींनी मांडले. नाव तरी बदलले नाही. त्यामुळे 'डोळा लवतोय, काही नाही' असे ऐकून परत गेलेला रुग्ण खऱ्या निदानापर्यंत उशिरा पोहोचतो.

या विकारात औषधाचा गुण कशाला म्हणायचे, हाही वाद तितकाच जुना. सत्तरच्या दशकातल्या नोंदी उत्साहाच्या आहेत : गोळी सुरू, थरथर बंद. १९८३ च्या पाठपुराव्यात सुरुवातीचा आराम खरा ठरला, पण बऱ्याच जणांत त्रास परतला. १९९४ मध्ये आणखी मोठा गट पाहिला गेला. काहींचा विकार औषधाशिवायही शांत झाला होता. मग गुण गोळीचा की काळाचा? मोठी यादृच्छिक चाचणी, म्हणजे रुग्णांचे चिठ्ठी टाकल्यासारखे गट पाडून केलेली तुलना, झालेली नाही, कारण एका केंद्रात पुरेसे रुग्णच जमत नाहीत. तरीही पहिल्या आठवड्यातल्या आरामाला यश म्हणण्याची सवय पुस्तकांतून अजून गेलेली नाही.

दुसरा विकार ऑक्युलर न्यूरोमायोटोनिया. यात डोळा खरोखरच जागा सोडतो. पिट्युइटरीच्या, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीच्या, आसपास रेडिएशन घेतलेल्यांत, कधी महिन्यांनी तर कधी वर्षांनी, बाजूला थोडा वेळ टक लावली की स्नायू आवळलेलाच राहतो आणि नजर सरळ केली तरी डोळा तिरका दिसतो. हा तिरळेपणा थोड्याच वेळात ओसरतो, त्यामुळे तपासणीच्या वेळी सगळे ठीक असते. इथे कार्बामॅझेपिनचा गुण जास्त भरवशाचा आहे, पण पुरावा सुट्या रुग्णनोंदींचाच. दोन विकारांतले निष्कर्ष एकमेकांच्या नावावर टाकणे ही वाचणाऱ्यांची नेहमीची चूक.

गेल्या तीसेक वर्षांत पहिल्या विकारासाठी पर्याय वाढले : फिट्सवरचेच दुसरे औषध गॅबापेन्टिन आले, बीटा-ब्लॉकर या गटातल्या औषधाचे डोळ्यात घालायचे थेंब आले. चौथ्या नसेच्या मुळाशी रक्तवाहिनी घासते का, हे एमआरआयवर शोधले जाऊ लागले आणि १९९८ मध्ये ती वाहिनी शस्त्रक्रियेने बाजूला केल्याची नोंद झाली. चेहऱ्याच्या कळांमागेही नसेवर घासणारी रक्तवाहिनी असू शकते, तीच कल्पना इथे पुन्हा वापरली गेली. २००७ पासून आशियाई वंशाच्या रुग्णांत कार्बामॅझेपिनआधी एचएलए-बी १५०२ ही जनुकचाचणी सुचवली जाते, कारण त्वचेची जीवघेणी प्रतिक्रिया या जनुकाशी जोडलेली आहे. स्नायूवरच्या शस्त्रक्रियेनंतर थरथर थांबते, पण काहींना खाली पाहताना कायमचे दुहेरी दिसू लागते. म्हणून बरेच डॉक्टर आजही आधी गोळी देऊन पाहतात, मात्रा हळूहळू वाढवतात आणि दर भेटीत विचारतात : दुहेरी दिसणे कमी झाले, की गोळीनंतर वाढले?