सोनोग्राफी झाली, मग पीएसए कशाला?

लातूर असो की परभणी, साठी ओलांडलेल्या माणसाच्या फायलीत हे दोन कागद बहुधा सापडतात: पोटाची सोनोग्राफी आणि रक्ताचं पीएसए. घरचे दोन्हींना ‘प्रोस्टेटची तपासणी’ म्हणतात आणि एक झाली की दुसरी सोडून देतात.

प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी. सोनोग्राफी तिचा आकार सांगते. ‘प्रोस्टेट ४५ सीसी, लघवीनंतर शिल्लक ८० मिली’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. आकड्याला फार घाबरू नका. ४५ सीसीवाला रात्रभर निवांत झोपतो आणि ३० वाला चारदा उठतो, असंही होतं. वयानुसार होणारी प्रोस्टेटची ही साधी वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे, आणि पुढे तिचा कॅन्सरही होत नाही.

पीएसए हे प्रोस्टेटमध्ये तयार होणारं प्रथिन. ते रक्तात किती उतरलंय, एवढंच ही तपासणी मोजते. लॅबच्या कागदावर बहुतेक वेळा ४ ची मर्यादा छापलेली असते; आकडा तिच्यावर गेला की घरात रडारड. पण साध्या वाढीनं, लघवीतल्या जंतुसंसर्गानंही तो चढतो. रात्री लघवी तुंबली म्हणून नळी टाकलेल्या आबांचं सकाळी पीएसए काढणं म्हणजे पैसे देऊन घोर विकत घेणं. काही आठवडे जाऊ द्यावेत. उलटंही घडतं: प्रोस्टेटची वाढ कमी करणारी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइडची गोळी सहा महिने चालू असेल तर आकडा जवळपास निम्म्यावर येतो. तेव्हा ३ दिसला तरी तो ६ च्या आसपास धरायचा. गोळी चालू असल्याचं डॉक्टरांना आठवणीनं सांगा.

‘मला लघवीचा काहीच त्रास नाही’ हे वाक्य मात्र फसवं. साधी वाढ लघवीच्या नळीभोवती होते, म्हणून धार बारीक होते. कॅन्सर बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात सुरू होतो, त्यामुळे सुरुवातीला काही जाणवतच नाही. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत लहान गाठ सहसा दिसत नाही. प्रोस्टेटची मागची बाजू डॉक्टर गुदद्वारातून बोटानं तपासतात. आपली माणसं तिथंच लाजून उठतात.

मग सगळ्यांनी पीएसए करावं का? नाही. २०१८ च्या अमेरिकन शिफारशीनुसार ५५ ते ६९ वयात डॉक्टरांशी बोलून ठरवावं; सत्तरीनंतर त्रास नसताना नको. पंच्याहत्तरीच्या आजोबांना पॅकेजात पीएसए घुसडणं मला तरी पटत नाही. वडिलांना किंवा भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला असेल, तर पीएसएचा विषय पन्नाशीच्या आधीच काढा.