'रीआता': फिनलंडला पोचलेली प्रीती

जुन्या फिनलंडमध्ये उन्हाळा लागला की शेतकऱ्यांच्या तरण्या मुली घर सोडून अंगणातल्या लाकडी कोठारात झोपायला जात. या कोठाराला तिथे 'आइत्ता' म्हणतात. उत्तरेकडे उन्हाळ्यात मध्यरात्रीही पुरता काळोख होत नाही. त्या उजेडात गावातली पोरं कोठाराच्या दाराशी येत आणि गोडीगुलाबीने बोलून आत येऊ देण्यासाठी विनवत. मुलीच्या असं मागे लागण्याला, तिचं मन वळवण्याला फिनिशमध्ये शब्द आहे 'रीआता'. आज तो जरा जुनाट वाटतो, इतकंच.

हा शब्द मुळात फिनिश नाही. 'मागणी घालणे' या अर्थाच्या स्वीडिश 'फ्रिआ'वरून तो आला. फिनलंड १८०९पर्यंत, कित्येक शतकं, स्वीडनच्या राज्यात होता, त्यामुळे असे शब्द ढिगाने आले. पण मग 'फ' कुठे गेला?

जुन्या फिनिश बोलीला शब्दाच्या सुरुवातीला जोडाक्षर सोसत नसे. ती शेवटचं व्यंजन ठेवी आणि आधीची गाळून टाकी. म्हणून फ्रान्स झाला 'रान्स्का', काच या अर्थाचा 'ग्लास' झाला 'लासी', स्टॉकहोम झालं 'तुखोल्मा'. आपल्याकडे खेड्यात स्टेशनचं 'टेसन' झालं, तेही असंच!

आता 'फ्रिआ'च्या मागे जाऊ. मला सगळ्यात मोह पडतो तो इथे. संस्कृतात जिथे 'प', तिथे स्वीडिशसारख्या जर्मॅनिक भाषांत 'फ' सापडतो: पितृ आणि 'फादेर', पंच आणि 'फेम'. त्याच नियमाने 'फ्रिआ'चा जोडीदार म्हणजे 'प्री' हा धातू. आपले प्रिय, प्रीती, प्रेम हे त्याचेच. फिनिश भाषा आपल्या इंडो-युरोपीय कुळातली नाही, ती उरालिक कुळातली. तरीही प्रेमाच्या मुळाचा एक धागा उसना होऊन तिच्यात शिरला. 'प'चा 'फ' झाला, मग 'फ'ही गळाला, उरला नुसता 'री'.

आजची तरुण मंडळी इंग्रजी 'फ्लर्ट'वरून आलेलं 'फ्लिर्त्ताइल्ला' वापरतात. शेवटचा 'आइल्ला' हा अस्सल फिनिश प्रत्यय. काही गोष्ट सहज, अधूनमधून करत राहणं तो दाखवतो. 'फ्ल' मात्र जसाच्या तसा, कारण तोवर फिनिश जिभेला जोडाक्षरांची सवय झाली होती. पाचशे वर्षं आधी हा शब्द आला असता, तर त्याची सुरुवात बहुधा नुसत्या 'लि'ने झाली असती.