मोफत की मुक्त? विदर्भातल्या प्रौढ वर्गांतल्या ऑनलाइन साधनांची पार्श्वभूमी

वर्ध्याची नई तालीम (हाताच्या कामातून शिकवणारी गांधीजींची शिक्षणपद्धती), १९७८ चा राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम, १९८८ चं साक्षरता अभियान, कंदिलाच्या उजेडातले रात्रीचे वर्ग हा सगळा भाग इथल्या कार्यकर्त्यांना पाठ आहे. त्यातलं एकच सांगायचं. तेव्हाचं साहित्य छापील होतं आणि गावात आलं की गावाचंच होऊन जाई. वाचनपाठ फाटेस्तोवर वापरायचा, पलीकडच्या पोडावर (कोलामांच्या वस्तीवर) द्यायचा, समासात वऱ्हाडी शब्द लिहायचा. कुणाला विचारावं लागत नसे. साहित्य पडद्यावर आलं आणि ही मोकळीक हातची गेली.

पहिला फटका फॉन्टचा. कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टांत टाइप केलेल्या वाचनपत्रिकांच्या फाइली फोनवर उघडल्या की मराठीच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोनांना कळणाऱ्या अक्षरसंचात, बदलून घेता येतात, पण बदलताना रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास सरकतात. ओळन् ओळ तपासावी लागते. दुसरा फटका फ्लॅशचा, म्हणजे ब्राउझरमध्ये हलती चित्रं चालवणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरचा. संकेतस्थळांवरचे अनेक हलत्या चित्रांचे धडे त्यात बांधलेले होते. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार थांबला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरच असे धडे अडवू लागला.

खरा बदल सप्टेंबर २०१६ नंतर स्वस्त डेटाने झाला. त्याच वर्षी मेळघाटातलं हरिसाल 'डिजिटल गाव' म्हणून गाजलं. २०१७ पासून ग्रामीण कुटुंबातल्या एका व्यक्तीला २० तासांचं डिजिटल साक्षरतेचं प्रशिक्षण मिळू लागलं. एका घरात एकच व्यक्ती, ही अट बायकांच्या मुळावर आली. घरातला स्मार्टफोन ज्याच्या खिशात, प्रशिक्षणालाही बहुधा तोच गेला.

याच सुमारास 'मोफत ऑनलाइन साहित्य' हा शब्दप्रयोग परिपत्रकांत रुळला आणि घोळ सुरू झाला. फुकट, मोफत, खुलं, मुक्त हे चार शब्द एकमेकांच्या जागी वापरले जाऊ लागले. त्यातही 'मुक्त' आधीच दुसऱ्या अर्थाने घरोघरी पोचला होता. १९८९ पासून नाशिकच्या मुक्त विद्यापीठामुळे त्याचा अर्थ 'शाळा सुटली तरी पदवी घेता येते' असा झाला होता. २००२ साली पॅरिसच्या बैठकीत पुढे आलेली 'मुक्त शैक्षणिक संसाधनं' ही संज्ञा निराळी आहे. तिथे मुक्त म्हणजे जवळ ठेवायला, वाटायला आणि बदलायला परवानगी असलेलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेचे पहिले परवाने आले आणि ही परवानगी चार-दोन अक्षरांत लिहिता येऊ लागली. 'बाय' म्हणजे मूळ कर्त्याचं नाव द्या. 'एसए' म्हणजे तुम्ही केलेला बदलही याच परवान्याखाली खुला ठेवा. 'एनडी' म्हणजे बदल केलेली प्रत वाटू नका.

हा कायद्याचा कीस वाटेल, पण वर्ग चालतो की बसतो ते यावरच ठरतं. यूट्यूबवरचा धडा मोफत आहे, पण साध्या परवान्याचा असेल तर फाइल काढून मेमरी कार्डावर टाकता येत नाही. ॲपमध्ये साठवला तरी तो त्याच फोनपुरता आणि त्याच खात्यापुरता. म्हणजे बारा बायांच्या वर्गात तोच धडा बारा वेळा डेटा खातो, आणि टॉवर नसलेल्या गावात पोचतच नाही. 'एनडी' लावलेली गोष्ट कोरकू किंवा कोलामी या इथल्या आदिवासी भाषांत करून वाटता येत नाही. २०१७ साली सुरू झालेल्या दीक्षा या सरकारी शैक्षणिक मंचावर प्रत्येक घटकाचा परवाना वेगळा असू शकतो, म्हणून तपशिलातली श्रेय आणि परवान्याची ओळ वाचूनच तो उतरवावा. धोरण ठरवणाऱ्यांनी 'मोफत' हा एकच निकष लावला, ती चूक होती आणि तिची किंमत दूरच्या गावांनी मोजली.

२०२० च्या टाळेबंदीत हे उघडं पडलं. झूमची मोफत सामूहिक बैठक ४० मिनिटांत तुटायची. पहिली १५ मिनिटं 'आवाज येऊन राह्यला का?' यातच जायची. निभावलं ते व्हॉट्सअ‍ॅपच्या ध्वनिसंदेशांवर. मात्र बरेच दिवस न उघडलेली फाइल नंतर उतरत नाही, आणि ऐन कापूस वेचणीत फोन आठवडाआठवडा उघडला जात नाही.

कोलिब्री हे इंटरनेटशिवाय धडे दाखवणारं मुक्त साधन या अडचणीवर उपाय ठरतं. तालुक्याच्या गावी नेट असताना जुन्या लॅपटॉपवर साहित्य उतरवून घ्यायचं आणि गावात बाकीचे फोन वायफायने त्याला जोडायचे. अडतं ते इथे: विंडोजचा हॉटस्पॉट पुष्कळदा इंटरनेट जोडणी नसेल तर सुरूच होत नाही. मग हॉटस्पॉट एखाद्या फोनवर लावायचा, त्याचा डेटा बंद ठेवायचा आणि लॅपटॉपही त्यालाच जोडायचा. कोलिब्रीच्या उपकरण-माहितीत दिसणारा पत्ता, शेवटी :८०८० सकट, इतर फोनच्या ब्राउझरमध्ये इंग्रजी आकड्यांत टाकला की धडे उघडतात. एका हॉटस्पॉटवर आठ-दहा फोनच धरावेत.

ऐकून वाचन तपासणारी ॲपं २०१९ पासून मराठीत आली. लाजणाऱ्या शिकाऊला मशीनसमोर चुकायला संकोच वाटत नाही, हा त्यांचा मोठा गुण. पण वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो. बाई 'डोळा' हा शब्द बरोबर ओळखते, बोलते 'डोया', आणि ॲप तिथेच अडतं. ही वाचनाची चूक नव्हे, हे शिकवणाऱ्याने त्याच क्षणी सांगायला हवं. नाहीतर ती पुढचा शब्द उच्चारतच नाही.

२०२२ ते २०२७ च्या नव्या साक्षरता कार्यक्रमात 'प्रौढ शिक्षण' हे नाव गेलं, 'सर्वांसाठी शिक्षण' आलं आणि ॲप मध्यभागी आलं. २०२३ मध्ये राज्यातल्या शिक्षक संघटनांनी निरक्षर शोधण्याच्या सर्वेक्षणावर अशैक्षणिक काम म्हणून बहिष्कार टाकला. या कार्यक्रमाची राज्यातली पहिली चाचणी १७ मार्च २०२४ ला झाली. ती कागदावरच असते: वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी ५० गुण, एकूण ३ तास. काचेवर बोटाने गिरवलेलं अक्षर पेन्सिलीने तसंच उमटत नाही. बोटाला दाब लागत नाही, पेन्सिलीला लागतो. त्यामुळे फोनवर शिकवणारे वर्गही आता दुरेघी वही ठेवतात आणि रोजची शेवटची २० मिनिटं फोन बंद करून हातात पेन्सिल देतात.